बल्लारपूरचे एक श्रोते

भाऊंना मी आधी ऐकलं. पाहिलं ते त्यानंतर पुष्कळ दिवसांनी.

तेव्हा मी भद्रावतीला एका खासगी शाळेत मराठी शिकवायचो. शाळा सकाळची. बारापर्यंत घरी यायचं, हातपाय धुवायचे आणि साडेबाराला रेडिओसमोर बसायचं, हा माझा नेम होता. त्या वेळी नागपूरहून फर्माईशीचा कार्यक्रम लागे. श्रोत्यांनी पत्रं टाकायची, निवेदिकेनं नावं वाचायची, मग गाणं. तिला आम्ही सगळे श्रोते नुसतं 'बाई' म्हणत असू. मी आठवड्याला दोन पत्रं टाकायचो. माझं अक्षर चांगलं, त्यामुळे पत्र बाजूला पडत नसे. नाव आलं की मी एका वहीत तारीख लिहून ठेवायचो. बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्या वहीत दोनशे सतरा तारखा होत्या. चंद्रपूर-गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांत एवढ्या कुणाच्याच नव्हत्या, याची मी चौकशी करून ठेवली होती.

एका मंगळवारी बाईंनी नावांनी सुरुवात केली नाही. म्हणाल्या, "बल्लारपूरच्या एका श्रोत्यांचं पत्र आलंय. ते लिहितात, मागच्या गुरुवारी दुसऱ्या गाण्यानंतर तुम्ही कागद उलटला तेव्हा तुमची बांगडी टेबलाला लागली. आवाजावरून काचेची वाटली. आमच्याकडे दिवसभर लोखंडच वाजते, म्हणून बरं वाटलं. गाणं कोणतंही लावा."

आणि बाई हसल्या. रेडिओवर हसतात तसं नाही, खरंच हसल्या. इतक्या वर्षांत माझ्या एकाही पत्राला त्या हसल्या नव्हत्या. नाव त्यांनी वाचलंच नाही. "नाव घेऊ नका असं त्यांनी लिहिलंय," म्हणाल्या. त्या दिवशी माझंही नाव आलं, पाचव्या गाण्याला. मी वहीत तारीख लिहिली नाही. जेवायलाही उशिरा बसलो.

पुढे हे चालूच राहिलं. महिन्यातून एकदा तरी बल्लारपूरच्या त्या पत्रातली ओळ यायची. आज तुमचा घसा बसलाय, आल्याचा तुकडा जवळ ठेवा. काल तुमच्या खोलीचं दार कोणीतरी उघडलं आणि तुम्ही एक नाव गाळलं. तो माणूस वाट पाहत असेल. बाई माफी मागून ते गाळलेलं नाव वाचत. मी विचार करायचो, आपण तोच कार्यक्रम ऐकतो, त्याच वेळी ऐकतो, मग आपल्याला दार का ऐकू आलं नाही? खरं सांगायचं तर मी स्वतःचं नाव सोडून दुसरं काही ऐकतच नव्हतो. पण हे तेव्हा कळलं नाही.

शेवटी श्रोत्यांच्या एका जुन्या यादीत बल्लारपूरचा एकच पत्ता सापडला, आणि एका रविवारी बस धरून बल्लारपूरला गेलो. कशासाठी, ते मलाही नीट माहीत नव्हतं. बहुधा तो माणूस अगदी साधा निघावा, एवढीच इच्छा होती.

आणि तो साधाच निघाला. रेल्वेच्या बाजूच्या एका वस्तीत दोन खोल्यांचं घर. अंगणात सुपात रेडिओचे चार सेल उन्हात घातलेले, वाळवणासारखे. शेजारी बनियन घातलेला एक काळासावळा, उंच माणूस उकिडवा बसून ते एकेक उलटवत होता.

"उन्हानं दोन दिवस तरी जास्त चालते," तो वर न बघता म्हणाला. मग बघितलं. "कोण पायजे?"

मी माझं नाव आणि गाव सांगितलं. तो उठून उभाच राहिला.

"भद्रावतीचे सर! मागच्या मंगळवारी तिसऱ्या गाण्याले तुमचं नाव आलतं. त्याच्या आधी पंधरा दिवस नाई आलं. मी म्हटलं, सर बिमार पडले का काय."

माझी नावं माझ्यापेक्षा त्यालाच जास्त पाठ होती. हे फार वाईट असतं. एखाद्याचा राग करायला आपण जावं आणि त्यानं आपली आठवण काढून ठेवलेली असावी.

भाऊ कोळशाच्या खाणीत लॅम्प रूमला होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला डोक्याचा दिवा खिडकीतून द्यायचा, पाळी संपून वर आला की परत घ्यायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे माणसं त्यांना नंबरानं आठवत. "एकशे चाळीसचं लग्न हाये," असं ते सहज म्हणायचे. एखादा दिवा वेळेवर परत आला नाही तर पाळी संपली तरी भाऊ खिडकी सोडत नसत. बहुतेक वेळा तो माणूस वरती चहा पीत बसलेला असे. तरी ते थांबत. "दिवा नाई आला म्हंजे मानूस नाई आला," एवढंच म्हणत. पत्रांतूनही कधीकधी लॅम्प रूम येई, आणि बाई ते वाचून दाखवत.

रेडिओ ते उभ्यानं ऐकायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, खुर्ची एकच आहे म्हणून. मी सरकलो. ते म्हणाले, "नाई सर, तुमी बसा. बाई बोलून राह्यली, मी बसाचं कसं?" गाणं लागलं की बसत. बाई बोलायला लागल्या की पुन्हा उभे. अर्ध्या तासात दहा वेळा ऊठबस. त्यांच्या बायकोनं हे मनावर घेणं कधीचंच सोडलं होतं. ती त्यांच्या हातात निवडायची भाजी देऊन ठेवायची.

पुढे मोबाईलवर रेडिओ ऐकायची सोय झाली. मी हौसेनं त्यांच्या फोनमध्ये ते ॲप टाकून दिलं. त्यांनी एका कानाशी फोन धरला, दुसऱ्या कानाशी आपला जुना रेडिओ, आणि फोन मला परत दिला. "यात बाई शिळी येते, सर. अर्धा मिनिट आधीच बोलून झालेली असते."

आम्ही श्रोते मिळून एक संघ काढला, चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांचा. मी सचिव झालो. भाऊंनी कोणतंच पद घेतलं नाही. "लिवा-वाचाचं तुमी पाहा, सतरंज्या मी पाहतो," म्हणाले. स्वतःसाठी त्यांनी कधी गाणं मागितलं नाही. दुसऱ्यांसाठी मागायचे. मीटर वाचायला आलेला माणूस, बसस्टँडवरची चहावाली, बसमध्ये शेजारी बसलेला कुणीही. विचारायचे, "तुमाले कोनतं गाणं आवडते?" आणि गाव, नाव लिहून घ्यायचे. त्या लोकांना माहीतही नसायचं की आपलं नाव नागपूरहून वाचलं गेलं.

असंच एकदा आमच्या घरी झालं. भाऊ संघाच्या कामाला आले होते, मी आतून कागद आणायला गेलो, तेवढ्यात त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. मला कुणीच काही सांगितलं नाही. दहा-बारा दिवसांनी मी शाळेतून आलो, रेडिओ लावला, आणि बाईंनी भद्रावती म्हणून माझ्या बायकोचं नाव घेतलं. एकटीचं. गाणं कापूस वेचणाऱ्या बायांचं होतं, जुनं, मला कधी न आवडलेलं. ती कणकेच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते शेवटपर्यंत ऐकत होती.

"हे गाणं तुला आवडतं?" मी विचारलं.

"माझी माय म्हणत होती," ती म्हणाली. मग आत वळता वळता, "तुमी मले इतकी वर्षं 'आणि परिवार' म्हणूनच नेलं ना."

मी दर पत्राखाली माझं नाव लिहून पुढे 'आणि परिवार' लिहीत असे. त्या दिवसापासून मला भाऊंचा राग यायला लागला असं नाही, राग आधीपासूनच होता. पण आता तो घरात राहायला आला.

बाई निवृत्त झाल्या. त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला त्या आठवड्यात आमच्या संघात कुणालाच काही सुचत नव्हतं. मग ठरलं की चंद्रपूरला श्रोत्यांचं दोन दिवसांचं संमेलन घ्यायचं, शनिवार-रविवार, आणि रविवारी बाईंचा सत्कार करायचा. चार महिने तयारी चालली. गोंदिया, वडसा, यवतमाळ, आदिलाबाद, सिरोंचा, जिथून जिथून बाईंना पत्रं जात तिथल्या श्रोत्यांना मी हातानं निमंत्रणं लिहिली. दीडशे लोक येणार म्हणाले.

भाऊ मंगल कार्यालय बघायला आले आणि त्यांनी व्यवस्थापकाला पहिलं काय विचारलं, तर पंखे लावून दाखवा. अकराच्या अकरा पंखे लावले. भाऊ मधोमध उभे राहून डोळे मिटून ऐकत होते. "खडखड करून राह्यले. बाई बोलतीन तं ऐकू कसं येईन?" थंडीचे दिवस होते, पंखे लागणारच नव्हते, हे मी त्यांना सांगितलं. तरी ते दुसऱ्या दिवशी शिडी आणि तेलाची बाटली घेऊन आले आणि एकेक पंखा उतरवून पुसून बसवला. छातीवर लावायच्या बिल्ल्यांवर मी नाव मोठं आणि गाव लहान छापायला दिलं होतं. ते त्यांनी उलटं करायला लावलं. "रेडिओवर आधी गावच येते, सर." संमेलनात सगळ्यांनी त्या बिल्ल्यांचं कौतुक केलं. मी ते स्वतःची कल्पना म्हणून स्वीकारलं.

बाईंना मी चार पानी पत्र लिहिलं. आयुष्यात इतकं चांगलं पत्र मी लिहिलं नसेल. त्यांचं उत्तर आलं, की रविवारी दहाला येते, मुलीकडे जायचं असल्यामुळे एकला निघावं लागेल. आणि खाली दोन ओळी होत्या: 'बल्लारपूरचे ते लॅम्प रूमवाले गृहस्थ असतील ना? त्यांना एकदा समोर बसवून ऐकायचं आहे.'

माझ्या अक्षराबद्दल, चार पानांबद्दल, दोनशे सतरा नावांबद्दल अवाक्षर नाही. संघाच्या बैठकीत मी पत्र वाचून दाखवलं. शेवटच्या दोन ओळी वाचल्या नाहीत. भाऊ माझ्या समोरच बसले होते. नंतर त्यांनी पत्र हातात घेऊन बघू का म्हणून विचारलं, तर मी म्हणालो, फाइलला लावलंय.

शनिवार उजाडला. रेडिओच्या श्रोत्यांचं संमेलन ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते सांगून कळायचं नाही. माणसं तीस-तीस वर्षं एकमेकांची नावं ऐकत आलेली असतात आणि चेहरा माहीत नसतो. दारात कुणी बिल्ला लावून आलं की चार जण एकदम म्हणायचे, "वडसा? तुम्हीच का त्या?" आणि हात सोडायचे नाहीत. मी व्यासपीठावर होतो, सूत्रसंचालन माझ्याकडे. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की लोक एकमेकांना एक प्रश्न विचारत फिरताहेत: बल्लारपूरचे लॅम्प रूमवाले कोणते? ती पत्रं सगळ्यांनी ऐकली होती. नाव कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी जेवणाच्या वेळी, भाऊ वांग्याची भाजी वाढत असताना, कुणाला तरी बिल्ल्यावरचं गाव दिसलं.

संध्याकाळी भाऊ सतरंजीवर मधे आणि भोवती तीसेक माणसं. भाऊ त्यांना समजावून सांगत होते की बाईंना खोकला येणार असला की त्या आधीच्या शब्दाला किंचित घाई करतात. लोक माना डोलवत होते. मी व्यासपीठावर मानचिन्हं मोजत होतो. सत्तावीस होती. पुन्हा मोजली.

कागजनगरकडचे एक अंध श्रोते बायकोसोबत रविवारी येणार होते. त्यांची गाडी चंद्रपूरला थांबत नव्हती, बल्लारपूरला उतरून यावं लागणार होतं. गाडी सव्वानऊची. कुणीतरी घ्यायला जायलाच हवं होतं, आणि ते कोणीही चाललं असतं. मी भाऊंकडे गेलो.

"भाऊ, उद्या तुम्हीच जा. पाहुण्यांना दिसत नाही, नवीन माणूस नको."

"जातो ना. बाई कितीले येतीन?"

"दहा-साडेदहा. पण पाच वाजेपर्यंत आहेत."

"मंग काय," ते म्हणाले. त्यांनी रविवारसाठी नवा सदरा घेतला होता. तो पिशवीत घालून ते शेवटच्या बसनं घरी गेले, म्हणजे सकाळी स्टेशन जवळ पडेल.

मी एवढंच ठरवलं होतं की बाई येतील तेव्हा भाऊ दारात नसावेत. पहिला अर्धा तास माझा असावा. बाकीचं गाडीनं केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

पावणेदहाला भाऊंचा फोन आला. "सर, गाडी दोन तास लेट सांगून राह्यले. मी तिकडं येऊन जाऊ का? माझ्या शेजाऱ्याले इथी उभा करतो."

"नको भाऊ. ते घाबरतील. बाई आहेत ना संध्याकाळपर्यंत."

साडेअकराला पुन्हा फोन. "गाडी अजून नाई आली, सर. बाई आल्या काय?"

"यायच्याच आहेत," मी म्हणालो. बाई माझ्यापासून दहा फुटांवर खुर्चीत बसल्या होत्या.

लहानखुऱ्या, पिकल्या केसांच्या, साधी सुती साडी. त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि सभागृहातल्या दीडशे माणसांपैकी निम्म्यांनी डोळे मिटून घेतले. आम्हाला त्या तशाच ओळखीच्या होत्या. मलाही मिटावेसे वाटले, पण मी सचिव होतो. बोलता बोलता त्या थांबल्या, माझ्याकडे वळल्या आणि माईकवर हात ठेवून विचारलं, "ते बल्लारपूरचे कुठे आहेत?"

मला 'स्टेशनवर गेलेत' म्हणता आलं असतं. ते खरं होतं आणि त्यात काही वाईटही नव्हतं. पण मग त्या म्हणाल्या असत्या, मी थांबते.

"त्यांची तब्येत बरी नाही," मी म्हणालो.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी ते माईकवर सांगितलं, भाऊंना लवकर बरं वाटो म्हणून. सगळ्या सभागृहानं ऐकलं. निघताना त्यांनी पिशवीतून एक जाड फाइल काढून माझ्या हातात दिली. "त्यांची पत्रं. कार्यालयातून जाताना मी एवढंच घेऊन निघाले. त्यांना सांगा, एकही टाकलं नाही." मला त्या म्हणाल्या, "तुमचं अक्षर छान आहे, सर." एकच्या ठोक्याला त्यांची गाडी निघाली.

दोनला भाऊ आले. अंगात नवा सदरा, घामानं पाठीला चिकटलेला. एका हातात पाहुण्यांची पिशवी, दुसऱ्या हाताचा कोपर त्या अंध गृहस्थांनी धरलेला. दारातच वडसाच्या ताईंनी विचारलं, "भाऊ, कसं हाये आता? तुमची तब्येत बरी नाई म्हणून बाईंनी सांगितलं."

भाऊंनी व्यासपीठाकडे बघितलं. मधली खुर्ची रिकामी होती, हार तिच्या पाठीवर तसाच होता. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. अंध गृहस्थ काहीतरी बोलायला लागले, की हे तर सकाळपासून आमच्यासाठी... तर भाऊंनी त्यांच्या हातावर हात दाबला.

"बरी हाये," भाऊ म्हणाले. "सकाळी थोडी कणकण होती."

पाहुण्यांना त्यांनी पानावर बसवलं. मग सतरंज्या झटकायला घेतल्या. दिवसभरात ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि दुसऱ्या कुणाला ते कळूही दिलं नाही.

फाइल मी घरी आणली. आठ दिवस ठेवली. लगेच द्यायला हवी होती, पण मी वाचत बसलो. शाळेतून आलं की साडेबाराला रेडिओ न लावता मी ती पत्रं वाचायचो. बाराशेच्या वर असतील. वाकडं अक्षर, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, आणि एक पत्र वाचलं की दुसरं घ्यावंसं वाटे. एकदा बायको मागे येऊन उभी राहिली.

"तुमचं नाव शोधून राह्यले काय?"

तेच करत होतो. मला वाटत होतं, त्यानं माझ्याबद्दल बाईंना काहीतरी लिहिलं असेल. चांगलं किंवा वाईट, पण लिहिलं असेल. सगळी फाइल संपली तेव्हा माझा उल्लेख एकदाच सापडला. 'आज भद्रावतीच्या सरांकडं गेलतो. दोन कप चहा घेतला. वहिनीले खालील गाणं पायजे.' बस.

"आता नेऊन द्या," बायको म्हणाली. "आन् जे केलं ते सांगून या."

रविवारी गेलो. भाऊ अंगणातच होते. त्यांनी फाइल घेतली, पहिलं पत्र उघडून स्वतःचं अक्षर पाहिलं आणि मिटून मांडीवर ठेवली. मी सगळं सांगितलं. बाईंच्या पत्रातल्या दोन ओळी, गाडी, फोन, सगळं. मला अपेक्षा होती की ते म्हणतील, जाऊ द्या सर. तसा त्यांचा स्वभाव होता.

"मले स्टेशनवर उभं केलं त्याचं काई नाई," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मी तो आवाज आधी ऐकला नव्हता. "त्या बाईले काऊन खोटं सांगितलं? तिनं माईकवरून सांगितलं ते. तिनं जन्मभरात एक नाव चुकीचं वाचलं तं दुसऱ्या दिवशी माफी मागे. तिच्या तोंडून तुमी दीडशे लोकांले खोटं बोलवलं."

मग त्यांनी माझ्या खिशातल्या फोनकडे बोट दाखवलं.

"फोन लावा तिले."

"काय सांगू?"

"आत्ता मले सांगितलं ते."

लावला. सांगितलं. वर्गातल्या पोरानं बाकावर उभं राहून सांगावं तसं, थांबत थांबत. मग बाई म्हणाल्या, "सर, त्यांना फोन द्या."

मी फोन दिला आणि उठून बाहेर गल्लीत गेलो. ते मोकळेपणानं बोलू देत म्हणून गेलो, असं मी बायकोला नंतर सांगितलं. बाहेर नळाला पाणी आलं होतं, बाया हंडे-गुंड भरत होत्या, आणि मी भिंतीला टेकून आतलं काही ऐकू येतं का ते बघत होतो. शब्द कळत नव्हते. अर्ध्या तासात भाऊ दोनदा हसले. फोन परत देताना ते म्हणाले, "सर, संघाचं तुमी पाहा. मी आता घरीच ऐकीन." चहा झाला होता. त्यांच्या बायकोनं मला दिला, मी तो घेतला आणि निघालो.

त्यानंतर ते संघात आले नाहीत. मी तीनदा पत्र लिहिलं. प्रत्येकाचं उत्तर आलं, पोस्टकार्डावर, सगळं क्षेम, वहिनीबाईंना नमस्कार. 'या' असं कधी लिहिलं नाही.

पुढच्या वर्षीचं संमेलन गोंदियाच्या श्रोत्यांनी घेतलं. मी साधा श्रोता म्हणून गेलो, आठव्या रांगेत बसलो. बायको सोबत होती. बिल्ल्यावर तिचं स्वतःचं नाव होतं. बाई आल्या आणि त्यांच्यामागून भाऊ आले. त्यांना बाईंनी स्वतः पत्र लिहून बोलावलं होतं. व्यासपीठावर जायला ते तयार नव्हते, तर बाईच खाली उतरल्या आणि दोघं पहिल्या रांगेत शेजारी बसले.

माझ्या बाजूला बालाघाटच्या एक नवीन श्रोत्या होत्या. त्यांनी विचारलं, बाईंजवळ बसलेले ते कोण?

मी सांगायला लागलो. लॅम्प रूम, उन्हात घातलेले सेल, पंखे, मीटरवाला, शिळी बाई. 'शिळी बाई'ला त्या इतक्या हसल्या की पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं. मी सांगतच राहिलो. एक संपलं की दुसरं आठवत होतं. चंद्रपूरचा रविवारही सांगितला, त्यातलं माझं काही न गाळता. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही फार वर्षं सोबत होता वाटतं."

"होतो," मी म्हणालो.

पुढे बाईंनी भाऊंकडे वळून काहीतरी विचारलं. भाऊंनी मान खाली घालून उत्तर दिलं, लांबलचक, हात हलवत. बाई ऐकत होत्या. आठव्या रांगेपर्यंत त्यातलं काहीच येत नव्हतं. भाऊ काय म्हणाले ते आता फक्त बाईंना माहीत होतं. इतकी वर्षं मी बाईंच्या आवाजासाठी साडेबारा वाजता घरी पळत आलो होतो, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला बाई आवडल्या नाहीत.